सरकारांची दुपारची झोप

आमच्या गावात दुपार नावाची वेळच नव्हती. सकाळ होती, संध्याकाळ होती, आणि मधल्या वेळाला 'सरकारांची झोप' म्हणायचे. 'झोपेआधी दळून घे', 'झोप सुटली की ये', असं आम्ही पोरंसोरंसुद्धा बोलायचो आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. गढीच्या बुरुजावर पांढरं फडकं चढलं की सरकार झोपले, तांबडं चढलं की उठले. पांढरं फडकं वर असेपर्यंत गावात उखळात मुसळ पडायचं नाही, जातं फिरायचं नाही, लोहारानं घण खाली ठेवायचा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत कडब्याचा पाला कोंबायचा. शाळेतली पोरं पाढे ओठांतल्या ओठांत म्हणायची. रडकं लेकरू असलेल्या बायका तर जेवणं उरकून मळ्यातच जाऊन बसत. गढीमागच्या लिंबावर कावळे बसू नयेत म्हणून दोन गडी उभे केलेले होते. आवाज करायची त्यांनाही बंदी, म्हणून ते नुसते हात हलवायचे. कावळे त्यांच्याकडं बघत बसायचे.

हे मी सांगायला लागले की नातवंडं हसतात. "आजी, तुम्ही ऐकत का होता पण?" असं विचारतात. विचारणं सोपं आहे बाबांनो, घरात पंखा गरगरतोय आणि हातात फोन आहे. आमचं गाव औंढ्यापासून दोन कोसांवर, आणि जहागीर सरकारांची. वर निजामाचं राज्य होतं म्हणतात, पण ते आम्हाला कधी दिसलं नाही. आमची कचेरी गढीत, आमची कोठडी गढीत, आणि फटके गढीच्या चौकात. सरकारांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून आहेत, भली आहेत, त्यांचा काय दोष.

दिसायला सरकार काही वाघासारखे नव्हते. बुटके, गोरे, पायाची बोटं बायकांसारखी नाजूक. त्यांच्या तऱ्हा मात्र ऐकाव्या तेवढ्या थोड्या. नवा अंगरखा शिवून आला की आधी एक दिवस दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालायचा, कापडात काही बाधा असली तर ती त्याला व्हावी म्हणून. चुलीवरचं ऊन ऊन अन्न चालायचं नाही, आणि निवलेलंही नाही. खाताना दुसऱ्याच्या तोंडाचा मचमच आवाज आला की ताट भिरकावायचे, म्हणून पंगतीतली माणसं भाकरी दुधात भिजवून नुसती गिळायची. वाघाच्या शिकारीची एक गोष्ट होती, ती दर महिन्याला सांगायचे. दर खेपेला वाघ हातभर वाढायचा. कुठं हसायचं, कुठं 'अरे बापरे' म्हणायचं ते दिवाणजींच्या तोंडाकडं बघून ठरायचं. दिवाणजी म्हणजे गढीचे कारभारी, उंच, वाळकुडे, सदा हात बांधून उभे. सरकार एक बोलायचे आणि दिवाणजी त्याचे दहा नियम करायचे. झोपेत गाव गप्प राहिलं पाहिजे असं सरकारांनी कधी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं का, ते आजपावेतो मला कळलेलं नाही. फडकी दिवाणजींनीच लावली होती.

पण हात धरून झोपायची तऱ्हा मात्र सरकारांचीच. त्यांना एकट्यानं झोपायचं भ्या वाटायचं. थोरले सरकार, म्हणजे त्यांचे वडील, म्हणे दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून यांना दुपारी डोळा मिटायचा म्हटलं की धडकी भरायची. मग विश्वासातला एक माणूस पलंगाशेजारी बसायचा आणि सरकार त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही मुठींत धरून, गालाखाली घेऊन झोपायचे. जाग येईपर्यंत त्या माणसानं हलायचं नाही. याला गढीत 'हात देणं' म्हणायचे, आणि हात देणारा माणूस दिवाणजींच्या खालोखाल मोठा. त्याला गावात कुणी अरे म्हणत नसे. आमचे बाबा असा हात देत होते.

त्यांची निवड झाली पोळ्याच्या दिवशी. बैल गढीवरून मिरवून आले, सरकार एकेकाला विडा देत होते. बाबांच्या हातावर विडा ठेवला आणि हात धरूनच ठेवला. "हात थंड आहे रे तुझा," म्हणाले, "घाम न्हाई." बाबांचे हात खरंच तसे होते, वैशाखातसुद्धा माठाला हात लावावा तसं गार लागायचं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. बाबांच्या आधीचा हात देणारा एका दुपारी डास मारायला म्हणून हात सोडवून बसला होता. सरकार ओरडतच उठले. दिवस मावळायच्या आत त्याची भांडीकुंडी, बायको, लेकरं सगळी गावाच्या शिवेबाहेर काढून ठेवली होती. ते घर पुढं कुठं गेलं कुणाला माहीत नाही. त्या घराचा ओसाड चौथरा आमच्याच गल्लीत होता. बाबा गढीवर जाता-येता त्याच्यावरूनच जायचे.

हाताची बडदास्त सुरू झाली तशी आमच्या घराची चव गेली. बाबांनी नांगर धरायचा नाही, हाताला घट्टे पडतात. जमीन बटईनं दिली. कांद्या-लसणाला हात लावायचा नाही, वास राहतो. मग त्यांच्या ताटात कांदा-लसूण नको म्हणून घरातच बंद झाला. माझी माय जवळ्याच्या बाजारातून मिरची आणायची आणि तव्यावर भाजून, लसूण, मीठ घालून असा ठेचा करायची की शेजारच्या घरात शिंका यायच्या. तो गेला. अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी नाही, झुणक्यात कांदा नाही. आम्ही दोघी बहिणी भाकरीशी बिनफोडणीचं वरण खाऊन कंटाळलो. रोज जेवणं झाली की माय बाबांच्या हातावर कोमट पाणी घालायची, मग डाळीचं पीठ, मग परत पाणी. एकदा पाणी घालता घालता म्हणाली, "नवरीचे हात बी कुणी इतके घासत न्हाई." बाबा हसले. तेव्हा हसायचे ते. खोटं कशाला सांगू, आम्हालाही मान बरा वाटायचा. विहिरीवर बायका आम्हाला आधी पाणी भरू द्यायच्या. मायला मात्र तो मान कधी पचला नाही. "कुणब्याचा हात हाय त्यो," म्हणायची, "उशी न्हाई."

माझी थोरली बहीण गोदा. मी तिला आक्का म्हणायची. लग्न होऊन कळमनुरीकडं दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाबांचा जीव होता तिच्यावर. लहानपणी त्यांचं बोट धरल्याशिवाय ती झोपायची नाही असं माय सांगायची. आक्का आली तेव्हा बाबांनी सरकारांची मर्जी बघून एक दिवसाची रजा मागितली, आणि मिळाली नाही. "दिवस भरायला टाइम हाय अजून," सरकार म्हणाले, "तवा बघू." ती वेळ आली ती भर उन्हाळ्यात, झोपेच्या वेळीच.

सकाळपासून कळा येत होत्या. सुईण गल्लीतलीच, हाताला यश असलेली बाई. बाबा जेवून, हात धुऊन निघाले तेव्हा तिनं सांगितलं, होईल संध्याकाळपर्यंत सुखरूप. बाबांनी आक्काच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. थोड्या वेळानं बुरुजावर पांढरं फडकं चढलं. आणि त्यानंतर सुईणीचा चेहरा उतरला. मायला बाजूला घेऊन म्हणाली, "लेकरू आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे आता. हिंगोलीच्या दवाखान्यात न्या, पर आत्ता न्या."

आक्का ओरडायला लागली होती. मायनं लुगड्याच्या पदराचा बोळा केला आणि तिच्या तोंडात दिला. मी ते बघितलं आहे. कळा देणाऱ्या बाईच्या तोंडात तिच्या आईनं बोळा कोंबला, कारण तिकडं एक माणूस जेवून झोपला होता. आक्कानंही तो काढला नाही, दातांत धरून ठेवला. ती पण आमच्याच गावची.

हिंगोलीला बैलगाडीनं जायचं तर मध्यरात्र झाली असती. मोटार गावात एकच, सरकारांची. ती चालवायचा बशीरचाचा, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याच्या बायकोनंच त्याला बोलावून आणलं. त्यानं दारातूनच विचारलं, ऐकलं, आणि हळू आवाजात मायला म्हणाला, "भाबी, मोटार चालू न्हाई करत. ढकलत आणतो, आवाज न्हाई व्हणार. उताराला लागली की मंग चालू करतो. पर गढीचा दरवाजा माझ्या बोलण्यानं खोलत न्हाईत. दिवाणजी बोलले पाहिजेत, न्हाई तर तुमचे मालक." मायनं माझ्याकडं बघितलं. "कौसे, पळ. बाबाला म्हण, नुसतं खिडकीत येऊन दरवाजावाल्याला हात कर."

मी अनवाणी पळत गेले. आवाज नको म्हणून पायातल्या तोरड्या काढून फेकल्या. गढीवर मला ओळखत होते, वरपर्यंत कुणी अडवलं नाही. सरकारांच्या खोलीबाहेर दिवाणजी उभे. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे खरं सांगते, शांतपणानं सगळं ऐकलं. मग म्हणाले, "उठले की पैलं काम तुझंच. बस तिथं."

"ती मरून राहिली, दिवाणजी."

"हळू बोल."

मी त्यांच्या हाताखालून खोलीत शिरले. आत अंधार, ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा गार वास. बाहेरून पंखा ओढत होते, त्याची दोरी तेल पाजलेली, कुरकुर नाही. सरकार कुशीवर झोपलेले, तोंड थोडं उघडं, आणि बाबांचा हात मनगटापर्यंत त्यांच्या मुठींत, गालाखाली. बाबा पाटावर ताठ बसलेले. मला बघून ते दचकले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. लेकरू आडवं आहे, बशीरचाचा तयार आहे, नुसतं खिडकीपर्यंत चला. खिडकी समोरच्या भिंतीला होती. बाबांनी खिडकीकडं बघितलं, सरकारांच्या तोंडाकडं बघितलं. मग हात हळूच मागं घ्यायला लागले. बोटभर आला असेल. सरकार झोपेत काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी मूठ घट्ट केली. बाबा थिजले. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी पहिल्यांदाच त्यांना घाम आलेला बघत होते. "उठतील आता," ओठ हलवून म्हणाले, "उठतीलच. जा तू." डाव्या हातानं डोळे पुसत होते आणि उजवा होता तिथंच. त्या चेहऱ्यावरची भीती आक्काची नव्हती, त्या चौथऱ्याची होती. आज मला ते कळतं. कळतं म्हणून माफ होतं असं मात्र नाही.

ओरडावं हे मला सुचलंच नाही. त्या वेळेला ओरडता येतं हेच आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मी खाली आले, दरवाजावाल्याला म्हटलं, बाबांनी खोलायला सांगितलं. तो म्हणाला, "मंग खिडकीत येऊ दे त्यान्ला." तोही बिचारा वर खिडकीकडं बघतच उभा राहिला.

मग बशीरचाचानंच बाज उचलायची ठरवली. तो, त्याचा भाऊ आणि शेजारचे दोघं. औंढ्याला लॉरी मिळाली तर मिळाली. आक्काला बाजेवर घातलं, वर ओलं लुगडं धरलं, आणि चौघं अनवाणी, पावलं न वाजवता, मधल्या गल्लीनं निघाले. दारादारांत बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कुणी हुंदकासुद्धा दिला नाही. शीव ओलांडली तशी मायनं बाज थांबवली आणि आक्काच्या तोंडातला बोळा काढला. "ओरड माय," म्हणाली, "ओरड आता. इथं कुणी झोपलं न्हाई." पण आक्काच्यात ओरडायला काही राहिलं नव्हतं. तिनं बाजेवरून हात बाहेर काढला आणि चाचपत विचारलं, "बाबा कुठं? बाबाला हात द्या म्हणावं." मायनं आपला हात दिला. आक्कानं तो चाचपून बघितला आणि सोडून दिला. "हा न्हाई," म्हणाली. औंढ्याच्या देवळाचं शिखर दिसायला लागलं होतं तेव्हा ती गेली, आणि पोटातलं लेकरूही गेलं. मागं वळून बघितलं तर बुरुजावर अजून पांढरंच होतं.

बाबा आम्हाला परतीच्या वाटेवर भेटले, पळत येताना, पागोटं हातात. बशीरचाचानं बाज खाली ठेवली नाही, चालत राहिला. त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली. पुढं त्यानं हिंगोलीत मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं, नाव काढलं. मी त्याला मरेपर्यंत राखी बांधली.

आता ऐका, धर्म कसा उपयोगी पडतो ते. लग्न झालेल्या लेकीचं सुतक बापाला तीनच दिवस. दिवाणजींनी गढीवरून तसं कळवलंसुद्धा, आम्हाला ठाऊक नसेल म्हणून. ते तीन दिवस बाबांना कुणाला शिवता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाचा हात सरकारांना चालेना. एकाचा गरम, एकाचा ओला. त्यामुळं सरकार दुपारी झोपलेच नाहीत आणि पांढरं फडकं चढलं नाही. गावाला कित्येक वर्षांनी दुपार मिळाली. दळणं निघाली, मुसळं पडायला लागली, पोरं मोठ्यानं पाढे म्हणत होती. आम्ही घरात भिंतीला टेकून बसलेलो आणि चहूबाजूंनी कांडण-दळणाचा आवाज. शेजारची काकू दारात येऊन रडवेली होऊन म्हणाली, "राग नका धरू बाई, मिरच्या सादळून राहिल्या व्हत्या." माय म्हणाली, "कांड बाई. माझ्या लेकीच्या नावानं कांड."

लोकांना वाटतं जुलूम करणाऱ्याचा शेवट मोठा होतो. कसलं काय! पोलीस ॲक्शनची कुणकुण लागली तशी सरकार आणि दिवाणजी एका सकाळी मोटारीतून हैद्राबादला गेले ते गेलेच. गढीवर तिरंगा लागला, पेढे वाटले. बाबांना त्यांनी बरोबर नेलं नाही. तिकडं कुणाचा तरी थंड हात सापडला असेल. पण ती पुढची गोष्ट. मला चौथ्या दिवसाचीच सांगायची आहे.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी अंघोळ केली, सुतक फिटलं, आणि दुपारच्या आधी गढीवरून माणूस आला. बाबा गेले. मायनं त्यांना अडवलं नाही, मला वाटलं ती तसं करील. चुलीपुढं बसून होती. जरा वेळानं गावातले आवाज एकेक करून बंद झाले. माय उठून दारात गेली, बुरुजाकडं बघितलं, परत येऊन बसली.

बाबा आले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांचा चेहरा बरा दिसत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन पाणी मागून घेतलं. प्यायले, पेला खाली ठेवला.

"सरकारांनी लई हळहळ केली," म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, अरे येड्या, मला उठवायचं व्हतंस. मोटार दिली असती. मी काय राक्षस हाव?"

मायनं मान वर केली. "असं म्हणाले?"

"व्हय. दिवाणजींच्या म्होरं म्हणाले. उठवायचं व्हतं म्हणाले."

"म्हंजे माझी लेक तुमीच मारली."

हा अर्थ बाबांच्या ध्यानातच आला नव्हता. सरकार गोड बोलले एवढंच ते गढीवरून घेऊन आले होते. त्या माणसानं आपल्या हातावरचं रक्त पुसायला यांचा सदरा वापरला, आणि हे त्यालाच मायेचं बोलणं समजून घरी आले. आज इतक्या वर्षांनीसुद्धा सरकारांचा फटका, कोठडी, वाघ, सगळं मी विसरू शकते, पण 'मोटार दिली असती' हे तीन शब्द आठवले की माझ्या अंगाची लाही होते. दिली असती की नसती, ते कुणाला कळणार? उठवून कुणी बघितलंच नव्हतं. आणि ज्यानं एकदा चुकून उठवलं होतं त्याचा चौथरा आमच्या गल्लीत होता.

"मंग?" मायनं विचारलं. "एवढं बोलून काय केलं त्यांनी?"

"काय करणार. तीन दिवसांचं जागरण त्यांना. आडवे झाले."

"आन् तुमी?"

बाबांनी उजवा हात मांडीखाली घातला.

"हात दिला तुमी," माय म्हणाली.

"मागितला त्यांनी," बाबा म्हणाले. "न्हाई कसं म्हणू?"

"तिनं बी मागितला व्हता," माय म्हणाली.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा उठले, तांब्या घेऊन स्वतःच हात धुतले, आणि गढीवर गेले.